ऐंशी टक्के रशियन म्हणजे कोण?

मराठी दैनिकांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांस खुले पत्र



‘युक्रेनमधील कारवाईला ऐंशी टक्के रशियनांचा पाठिंबा’ ही बातमी मार्च २०२२ पासून आपल्याकडे अधूनमधून येत राहिली आहे. कधी ती देशविदेशच्या पानावर चौकटीत असते, कधी वाहिनीच्या तळाशी धावणाऱ्या पट्टीत. रात्रीच्या चर्चेत मग कुणी तज्ज्ञ हाच आकडा पुढे करून सांगतात की रशियन जनता पुतिन यांच्या मागे भक्कम उभी आहे. दुसरे कुणी सांगतात की हुकूमशाहीतल्या पाहण्यांना काही अर्थ नसतो, लोक आतून सगळे विरोधातच आहेत. ऐकणाऱ्याने या दोन्हींपैकी काय घ्यायचे, हे त्याला कोणीच सांगत नाही.

मी पुण्यात रशियन शिकवते. त्या देशातली वर्तमानपत्रे, वाहिन्या आणि टेलिग्रामवरच्या बातम्या वाचणे-पाहणे हा माझ्या कामाचा भाग आहे, आणि युद्ध सुरू झाल्यापासून तो भाग जड झाला आहे. या एका आकड्याबद्दल आपल्याशी बोलावे असे बरेच दिवस मनात होते. आकडा खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. तो कसा मोजला जातो आणि त्याच्या शेजारी आणखी कोणते आकडे असतात, हे सांगितल्याशिवाय तो छापला की वाचकाच्या हाती चुकीची गोष्ट पडते, एवढेच म्हणणे आहे.

बहुतेक वेळा हा आकडा मॉस्कोच्या लेवादा केंद्राचा असतो. पेरेस्त्रोइकाच्या काळात, १९८७ मध्ये, सोव्हिएत संघात जनमत मोजणारी पहिली मोठी संस्था उभी राहिली. युरी लेवादा हे समाजशास्त्रज्ञ पुढे तिचे प्रमुख झाले. ब्रेझनेव्हच्या काळात त्यांना त्यांच्या व्याख्यानांमुळे अध्यापन सोडावे लागले होते. २००३ मध्ये सरकारने त्या संस्थेवर आपले संचालक बसवले, तेव्हा लेवादा आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी नवी संस्था काढली. तेच आजचे लेवादा केंद्र. जुनी संस्था सरकारी मालकीची आहे आणि तिच्याही पाहण्या येत असतात. २०१६ च्या संसदीय निवडणुकीला जेमतेम दोन आठवडे उरले असताना लेवादा केंद्रावर ‘परदेशी हस्तक’ हा शिक्का मारण्यात आला. तो आजही आहे. म्हणजे ऐंशी टक्क्यांचा आकडा क्रेमलिनच्या नोकरांनी काढलेला नाही. तो अशा माणसांनी काढला आहे, ज्यांना स्वतःच्याच देशात संशयित ठरवले गेले आहे आणि तरीही त्यांनी दर महिन्याला लोकांच्या दारात जायचे सोडलेले नाही. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच त्यांचे काम अर्धवट छापलेले पाहवत नाही.

दारात जायचे, हे मी शब्दशः लिहिते आहे. लेवादाची मासिक पाहणी घरोघरी होते. पन्नासेक प्रांतांतून सुमारे १६०० प्रौढ निवडले जातात, मुलाखतकार घरी जातो, समोरासमोर बसून प्रश्न विचारतो. युद्धाबद्दलचा नेहमीचा प्रश्न असा असतो: युक्रेनमधील रशियन सैन्याच्या कृतींना तुमचा व्यक्तिशः पाठिंबा आहे का? ‘नक्कीच आहे’, ‘बहुधा आहे’, ‘बहुधा नाही’, ‘नक्कीच नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ असे पर्याय असतात. मार्च २०२२ मध्ये पहिल्या दोन पर्यायांची बेरीज ८१ टक्के आली. पुढे ती सत्तरीच्या घरात आणि ऐंशीच्या आसपास फिरत राहिली.

आता दार उघडणाऱ्या माणसाच्या जागी उभे राहून पाहा. अनोळखी व्यक्ती आपल्या घराच्या पत्त्यावर आली आहे आणि सैन्याबद्दलचे मत विचारते आहे. ४ मार्च २०२२ रोजी रशियात कायदा झाला. सैन्याबद्दल ‘जाणूनबुजून खोटी माहिती’ पसरवल्यास पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास, आणि सैन्याची ‘बदनामी’ केल्यास आधी दंड, पुन्हा केल्यास फौजदारी खटला. त्याच महिन्यात मॉस्कोच्या एका प्रभाग परिषदेच्या बैठकीत अलेक्सेई गोरिनोव या नगरसेवकाने विचारले, की युक्रेनमध्ये मुले मरत असताना आपण बालचित्रकला स्पर्धेची चर्चा कशी करू शकतो? जुलैमध्ये त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. तुला प्रांतातल्या येफ्रेमोव गावात सहावीतल्या मुलीने शाळेत युद्धविरोधी चित्र काढले. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले, वडिलांच्या समाजमाध्यमांवरच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. मॉस्कोतला एक सामान्य माणूस २०२२ च्या उन्हाळ्यात रस्त्यावर रेडिओ लिबर्टीच्या पत्रकाराने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देऊन घरी गेला. त्या उत्तराबद्दल त्याच्यावर खटला चालला आणि २०२४ मध्ये न्यायालयाने त्याला पाच वर्षांची सक्तमजुरी सुनावली. त्याने सभा घेतली नव्हती, पत्रक काढले नव्हते. आपल्याकडे रोज संध्याकाळी वार्ताहर माईक घेऊन चौकात उभे राहतात आणि विचारतात, ‘काका, काय वाटतं तुम्हाला?’ तेवढेच तिथे घडले होते.

ज्या देशात चुकीच्या उत्तराची किंमत ठरलेली आहे, तिथले बरोबर उत्तर किती खरे? हा प्रश्न संशोधकांनीही विचारला आणि मोजण्याची एक युक्ती वापरून पाहिली. ऑनलाइन पाहणीत लोकांचे दोन गट करायचे. एका गटाला काही निरुपद्रवी विधाने द्यायची आणि सांगायचे की यांतली किती विधाने तुम्हाला पटतात तो फक्त आकडा सांगा, कोणती ते सांगू नका. दुसऱ्या गटाला तीच विधाने द्यायची, पण त्यांत युद्धाला पाठिंब्याचे एक विधान मिसळायचे. दोन्ही गटांच्या सरासरीतल्या फरकावरून कळते की ते विधान किती जणांना पटले. कुणालाच स्वतःचे मत उघडे करावे लागत नाही. २०२२ च्या वसंतात हा प्रयोग झाला तेव्हा थेट विचारल्यावर मिळालेल्या पाठिंब्यापेक्षा या मार्गाने मिळालेला पाठिंबा दहा-पंधरा टक्क्यांनी कमी भरला.

हे वाचून कुणाला वाटेल, म्हणजे मग लोक विरोधातच आहेत. तसेही नाही. पाठिंबा घटला, पण तो निम्म्याच्या वरच राहिला. लेवादाचे संचालक देनिस वोल्कोव यांचे म्हणणे असे, की युद्धानंतर मुलाखत नाकारणाऱ्यांचे प्रमाण फारसे वाढलेले नाही, त्यामुळे केवळ भीतीने आकडा फुगला असे मानू नये. हे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. भीती आहे, पण भीतीपेक्षा मोठा भाग आहे जुळवून घेण्याचा. सत्तेने ठरवलेच आहे, आपल्याला विचारले नव्हते, पुढेही विचारणार नाहीत. मग आपल्या देशाच्या बाजूने ‘हो’ म्हणावे आणि कामाला लागावे. त्या ‘हो’मध्ये खरा उत्साह किती, हे ‘नक्कीच’ आणि ‘बहुधा’ वेगळे केल्यावर दिसते. ‘नक्कीच’ म्हणणारे साधारण निम्मे असतात, कधी त्याहून थोडे कमी. उरलेले तीसेक टक्के ‘बहुधा’वाले. आपल्या बातमीत या दोघांची बेरीज होते आणि ‘बहुधा’ हा शब्द गळून जातो.

त्याच पाहणीत दुसरा प्रश्नही असतो, तो आपल्याकडे क्वचित पोहोचतो. युद्ध चालू ठेवावे की शांततेच्या वाटाघाटी सुरू कराव्यात? ऑक्टोबर २०२२ मध्ये ५७ टक्क्यांनी वाटाघाटी सांगितल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये लेवादाने विचारले की पुतिन यांनी या आठवड्यात संघर्ष थांबवायचे ठरवले तर तुम्ही पाठिंबा द्याल का. सत्तर टक्के ‘हो’ म्हणाले. त्याच प्रश्नाला ‘आणि घेतलेला प्रदेश परत देऊन’ असे जोडल्यावर ‘हो’ म्हणणारे ३४ टक्क्यांवर आले. या दोन आकड्यांतून मला त्या समाजाचे जेवढे समजते तेवढे ऐंशीच्या आकड्यातून कधीच समजले नाही. लोकांना युद्ध थांबलेले हवे आहे. पराभव नको आहे, मिळवलेले सोडायची तयारी नाही. आणि थांबवायचे कोणी, तर पुतिन यांनी. ‘रशियन फील्ड’ या दुसऱ्या स्वतंत्र गटाने तर एकाच पाहणीत दोन प्रश्न विचारले होते: उद्या पुतिन यांनी शांतताकरार केला तर, आणि उद्या त्यांनी कीववर नव्याने हल्ला करायचे ठरवले तर? बहुमत दोन्ही वेळा ‘पाठिंबा देऊ’ म्हणाले. ही माणसे गोंधळलेली नाहीत. निर्णय आपला नाही हे त्यांनी इतके पक्के मान्य केले आहे, की विचारलेल्या निर्णयाचा आशय त्यांच्या उत्तरात फारसा उरत नाही.

हे असे कसे झाले, याचे उत्तर शोधायला दूरचित्रवाणीकडे वळावे लागते, आणि तिथे २०२२ च्याही मागे जावे लागते. एनटीव्ही ही चेचन्यातले युद्ध निर्भीडपणे दाखवणारी खासगी वाहिनी २००१ मध्ये सरकारी नियंत्रणातल्या गाझप्रोम कंपनीच्या ताब्यात गेली. तिथले पत्रकार दुसऱ्या वाहिनीत गेले, ती २००२ मध्ये बंद झाली. तिसरी काढली, ती २००३ मध्ये. त्यानंतर वाढलेल्या पिढीने देशभर दिसणाऱ्या पडद्यावर सत्तेला उलटा प्रश्न विचारलेला पाहिलेलाच नाही. लेवादाच्या मोजणीत २००९ मध्ये ९४ टक्के लोक बातम्या दूरचित्रवाणीवरून घेत होते. दहा वर्षांनी ते प्रमाण ७२ वर आले. तरुण समाजमाध्यमांकडे, यूट्यूबकडे, टेलिग्रामकडे गेले. ही उतरण पाहून मॉस्कोतल्या अनेक जाणत्या माणसांना आशा वाटत होती की आणखी काही वर्षांत वाहिन्यांचा पगडा आपोआप संपेल.

युद्धाने त्या आशेवर कायद्याने आणि बंदीने उत्तर दिले. मार्च २०२२ च्या पहिल्या आठवड्यात ‘एखो मॉस्क्वी’ हे आकाशवाणी केंद्र बंद झाले, ‘दोझ्द’ वाहिनीने प्रसारण थांबवले, फेसबुक बंद झाले. दहा दिवसांनी इन्स्टाग्राम गेले. महिनाअखेर दिमित्री मुरातोव यांच्या ‘नोवाया गझेता’ने छपाई थांबवली. आदल्याच वर्षी त्यांना शांततेचे नोबेल मिळाले होते. १४ मार्चला मरिना ओव्स्यानिकोवा या संपादिका ‘पहिली वाहिनी’ या सरकारी वाहिनीच्या रात्रीच्या बातम्यांत निवेदिकेच्या मागे फलक घेऊन उभ्या राहिल्या. त्यावर लिहिले होते की इथे तुम्हाला खोटे सांगितले जात आहे. काही सेकंदांत दृश्य बदलले. दरम्यान मनोरंजनाचे कार्यक्रम काढून त्या जागी तासन्‌तास राजकीय चर्चा लावल्या गेल्या. ओल्गा स्काबेयेवा यांचा ‘६० मिनिटे’ हा कार्यक्रम तर नावाच्या कितीतरी पलीकडे लांबला. उन्हाळ्यापर्यंत प्रेक्षक थकले आणि वाहिन्यांना मालिका पुन्हा आणाव्या लागल्या. युद्धाकडे ‘लक्षपूर्वक पाहतो’ म्हणणारेही पहिल्या महिन्यांतल्या दोन तृतीयांशांवरून पुढे निम्म्याच्या आसपास उतरले.

या थकव्याबद्दल मला थोडे थांबून लिहायचे आहे. बाहेरून आपण समजतो की लोकांना खोटे दाखवले जाते आणि लोक ते खरे मानतात. काही मानतात, आणि त्याची वेदना फार जवळून दिसली आहे. कीवमधल्या एका उपाहारगृहाच्या मालकाने रशियात राहणाऱ्या वडिलांना फोन करून बाँबहल्ल्याबद्दल सांगितले, तेव्हा वडिलांनी त्याला दूरचित्रवाणीवर काय दाखवतात ते समजावून सांगितले. मग त्याने अशा अनेक मुलामुलींसाठी, आपल्या माणसांशी कसे बोलावे याची मदत देणारे संकेतस्थळच काढले. आंद्रेई लोशाक यांनी २०२२ मध्ये ‘तुटलेले संबंध’ अशा अर्थाच्या नावाचा माहितीपट केला. त्यात एकाच घरातले नवरा-बायको, आई-मुलगा समोरासमोर बसलेले आहेत आणि एकमेकांच्या वास्तवात प्रवेशच करू शकत नाहीत.

पण त्यांच्याहून मोठी संख्या आहे ती वाहिनी चालू ठेवून स्वयंपाक करणाऱ्यांची. २०२३ च्या शरद ऋतूत रशियन समाजशास्त्रज्ञांच्या एका गटाने स्वेर्दलोव्स्क, बुर्यातिया आणि क्रास्नोदार या तीन प्रदेशांतल्या छोट्या गावांत राहून लोकांशी बोलणे केले. ओळख लपवणे त्यांना भाग होते. त्यांना आढळले की युद्धाचा विषय लोक स्वतःहून काढतच नाहीत. काढला तर कुणी हळहळते, कुणी वैतागते, कुणी सरकारने शिकवलेले वाक्य म्हणते आणि पुढच्याच वाक्यात त्याच्या उलट बोलते. वाहिनीवर विश्वास आहे का विचारले तर बरेच जण म्हणतात, सगळेच खोटे बोलतात, आपलेही आणि त्यांचेही. वाहिन्यांचे खरे यश मला इथे दिसते. कोणते खोटे माना हे त्यांनी शिकवले त्यापेक्षा, खरे शोधण्यात काही अर्थ नाही हे जास्त खोलवर शिकवले. आणि आज काय म्हणणे सुरक्षित आहे, एवढी माहिती रोज संध्याकाळी पुरवली. मुलाखतकार दारात येतो तेव्हा तीच माहिती उत्तर म्हणून बाहेर येते.

हे कवच फुटते ते बातमी स्वतःच्या घराशी येते तेव्हा. एप्रिल २०२२ मध्ये ‘मोस्कवा’ ही युद्धनौका काळ्या समुद्रात बुडाली. संरक्षण मंत्रालय म्हणाले, सर्व खलाशांना सुखरूप हलवले. नौकेवर सक्तीच्या लष्करसेवेतली कोवळी मुलेही होती. त्यांतल्या एका मुलाच्या वडिलांनी व्हीकॉन्ताक्ते या रशियन समाजमाध्यमावर लिहिले की माझा मुलगा कुठे आहे ते मला कोणी सांगत नाही, आणि तसेच लिहिणारे इतर आईवडील त्यांना भेटत गेले. आठवड्याभराने मंत्रालयाने एक मृत आणि सत्तावीस बेपत्ता असल्याचे कबूल केले. ऑगस्ट २०२४ मध्ये युक्रेनी सैन्य कुर्स्क प्रांतात शिरले, तेव्हा वाहिन्या परिस्थिती आटोक्यात असल्याचे सांगत होत्या आणि सुद्झा भागातले लोक हातात मिळेल ते घेऊन गाड्यांतून पळत होते. त्यांनी पुतिन यांना उद्देशून ध्वनिचित्रफीत केली आणि त्यात सांगितले की वरिष्ठ तुम्हाला खोटे सांगत आहेत. त्यांचा रागसुद्धा पुतिन यांच्यापर्यंत जाऊन तिथे थांबला, हेही नोंदवायला हवे.

सप्टेंबर २०२२ चा महिना आपण सर्वांनी पुन्हा चाळून पाहावा असे मला वाटते, कारण त्यात आपलाही एक धागा आहे. त्या महिन्याच्या १४ तारखेला मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊ साठे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस गेले होते. आपण सर्वांनी ती बातमी छायाचित्रासह दिली आणि ती आनंदाचीच होती. ज्या देशाचे प्रवासवर्णन अण्णाभाऊंनी मराठीत लिहिले, तिथे त्यांचा पुतळा बसला. त्याच्या चार दिवस आधी खार्किव भागातून रशियन सैन्य माघारी पळत होते, आणि त्याच दिवशी मॉस्को आपला नगरदिन दारूकामाने साजरा करत होते, पुतिन युरोपातल्या सर्वांत उंच म्हणवल्या जाणाऱ्या आकाशपाळण्याचे उद्घाटन करत होते. पुतळ्याच्या अनावरणानंतर एका आठवड्याने, २१ तारखेला, पुतिन यांनी सक्तीच्या लष्करभरतीची घोषणा केली. विमानाची तिकिटे संपली, जॉर्जिया आणि कझाकस्तानच्या सीमांवर गाड्यांच्या मैलोन्‌मैल रांगा लागल्या, लाखो पुरुष देश सोडून गेले. एका सरकारस्नेही संस्थेच्या पाहणीत आजूबाजूचे लोक चिंताग्रस्त आहेत असे म्हणणारे आठवड्याभरात पस्तीस टक्क्यांवरून एकोणसत्तरवर गेले. लेवादाच्या पाहणीत ४७ टक्क्यांनी भरतीची बातमी ऐकून काळजी, भीती, धसका वाटल्याचे सांगितले.

आणि सैन्याच्या कृतींना पाठिंबा? तो ७६ वरून ७२ वर आला. चार टक्के. देश हादरला होता आणि आपला लाडका आकडा जागचा फारसा हलला नाही. ज्या मापाला इतका मोठा धक्का जेमतेम जाणवतो, ते माप भावना मोजत नाही हे ओळखायला दुसरा पुरावा लागू नये.

तरी एक देते. २४ जून २०२३ रोजी येवगेनी प्रिगोझिन यांच्या भाडोत्री सैन्याने बंड करून रोस्तोव शहर ताब्यात घेतले आणि रणगाडे मॉस्कोच्या दिशेने निघाले. पुतिन यांच्या कामगिरीला त्या काळात ऐंशीच्या वर टक्के पसंती होती. त्या ऐंशीतले कोणी राष्ट्राध्यक्षांच्या बचावासाठी रस्त्यावर आले नाही. रोस्तोवचे लोक बंडखोरांसोबत छायाचित्रे काढत होते, त्यांना पाणी-खाणे देत होते, आणि ते निघाले तेव्हा टाळ्या वाजवत होते.

उलट बाजूला जे आले त्यांचीही आठवण ठेवू या. जानेवारी २०२४ मध्ये युद्धविरोधी भूमिका घेणारे बोरिस नादेझ्दिन राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहू पाहत होते. त्यासाठी एक लाख सह्या हव्या होत्या. कडाक्याच्या थंडीत लोक आपले नाव, पत्ता आणि पारपत्र क्रमांक लिहून द्यायला रांगेत उभे राहिले. सह्या जमल्या, निवडणूक आयोगाने अर्ज फेटाळला. १ मार्चला विरोधी नेते अलेक्सेई नवाल्नी यांच्या अंत्यविधीला मॉस्कोत हजारो लोक आले, पोलिसांचे कॅमेरे चालू असताना आले. दोन आठवड्यांनी झालेल्या निवडणुकीत पुतिन यांना ८७ टक्के मते जाहीर झाली. आपल्या मथळ्यांत ८७ होते. रांगा आतल्या पानावर कुठेतरी होत्या, काही ठिकाणी त्याही नव्हत्या. भरती केलेल्या सैनिकांच्या बायका पांढरे रुमाल बांधून दर शनिवारी क्रेमलिनशेजारच्या अज्ञात सैनिकाच्या स्मारकावर फुले वाहत आणि नवऱ्यांना घरी पाठवा म्हणत. त्या युद्धाच्या विरोधात होत्या असेही नाही, अनेकींचा राग ‘आमचेच का’ एवढाच होता. त्यांच्या चळवळीलाही ‘परदेशी हस्तक’ ठरवले गेले. त्या ऐंशीत मोजायच्या की विसांत?

भरतीचा तो धक्का सत्तेने पुन्हा दिला नाही. पैसा पुढे केला. जुलै २०२४ पर्यंत मॉस्कोतून करार करून आघाडीवर जाणाऱ्याला शहराकडून एकोणीस लाख रुबल एकरकमी मिळू लागले होते. गरीब प्रांतातल्या घरासाठी ती कित्येक वर्षांची कमाई आहे. त्यामुळे आपल्या घरातून कोण जाणार हा प्रश्न बऱ्याच रशियनांच्या डोक्यावरून उतरला आणि शहरांतले जीवन पूर्ववत झाल्यासारखे दिसू लागले. मृतांचा अधिकृत आकडा सप्टेंबर २०२२ मध्ये ५,९३७ असा सांगितला गेला आणि त्यानंतर सरकार गप्प आहे. ‘मीडियाझोना’ या स्वतंत्र वृत्तसंकेतस्थळाचे आणि बीबीसीच्या रशियन विभागाचे पत्रकार स्वयंसेवकांसह गावोगावच्या स्मशानभूमी, शाळांच्या श्रद्धांजल्या आणि व्हीकॉन्ताक्तेवरचे शोकसंदेश वाचून एकेक नाव जमवत गेले. २०२५ मध्ये त्यांची यादी एक लाख नावांच्या पुढे गेली. म्हणजे माहिती लपलेली नाही. ती गावागणिक, घरागणिक विखुरलेली आहे आणि देशाच्या पडद्यावर ती एकत्र येऊ दिली जात नाही.

एकत्र येण्याच्या उरलेल्या वाटाही अरुंद होत चालल्या आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात यूट्यूब इतके मंद केले गेले की सामान्य माणसाने नाद सोडावा. ऑगस्ट २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवरून फोन करण्यावर निर्बंध आले. सप्टेंबरपासून नव्या फोनमध्ये ‘मॅक्स’ हे देशी संदेशवाहक ॲप आधीच भरून येऊ लागले, आणि ‘अतिरेकी’ ठरवलेला मजकूर नुसता जाणूनबुजून शोधला तरी दंड होईल असा नियम लागू झाला. ड्रोनहल्ल्यांचे कारण देऊन प्रांतोप्रांती मोबाइल इंटरनेट तासन्‌तास बंद राहते. युद्धाच्या बाजूचे पण स्वतंत्र बोलणारेही यातून सुटलेले नाहीत. पुतिन पुरेसे कठोर लढत नाहीत अशी टीका टेलिग्रामवर करणारे इगोर गिरकिन यांना जानेवारी २०२४ मध्ये चार वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. व्हीपीएन वापरणारे लाखो आहेत, विशेषतः तरुण. ज्याला जाणून घ्यायचे आहे तो आजही जाणून घेतो, पण त्यासाठी रोज थोडा त्रास घ्यावा लागतो, आणि बहुतेक माणसे कुठल्याही देशात तेवढा त्रास घेत नाहीत.

मी रशियन समाजाला निर्दोष ठरवायला निघालेली नाही. बुचा आणि मारिउपोल या युक्रेनी शहरांत रशियन सैन्याकडून जे झाले त्यापुढे ‘आम्हाला माहीत नव्हते’ आणि ‘आम्हाला विचारले नव्हते’ ही दोन्ही उत्तरे फार तोकडी आहेत, आणि युक्रेनमधल्या कुणाला त्यांत रस असण्याचे कारण नाही. ‘नक्कीच’ म्हणणारे निम्मे खरेच आहेत. पण जबाबदारी ठरवायची तर कोणी काय केले, कोणी काय मानले आणि कोणी केवळ मान हलवली, हे वेगवेगळे दिसले पाहिजे. ऐंशीचा आकडा ते सगळे एका रंगात रंगवतो. त्याचा सर्वांत मोठा फायदा क्रेमलिनला होतो. विरोधात असलेल्या रशियन माणसाला तो रोज सांगतो की तू एकटा आहेस, आणि बाहेरच्या जगाला सांगतो की इथे बोलण्यासारखे दुसरे कोणी नाही.

आपल्या वाचकांसाठीही हा दूरचा विषय उरलेला नाही. महाराष्ट्रातली मुले वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात जातात. नोकरीच्या आमिषाने गेलेले भारतीय तरुण आघाडीवर पोहोचले आणि त्यांतले काही मेले. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांना मॉस्कोत त्यांच्या सुटकेचा विषय काढावा लागला. डिसेंबर २०२५ मध्ये पुतिन दिल्लीत असताना ‘आरटी’ या रशियन सरकारी वाहिनीची खास भारतासाठीची शाखा सुरू झाली. तिथून आयती, चकचकीत दृश्ये आता आपल्या टेबलांवर सहज येतील. वापरायची असतील तर ती कोणाच्या मालकीची आहेत हे पडद्यावर स्पष्ट लिहून वापरा.

आणि पाहणीची बातमी लावताना एवढे करा. नेमका कोणता प्रश्न विचारला होता तो द्या. कोणत्या संस्थेने विचारला, ती सरकारी की स्वतंत्र, घरी जाऊन की फोनवर, हे एका ओळीत द्या. ‘नक्कीच’ आणि ‘बहुधा’ वेगळे छापा. त्याच महिन्याचा वाटाघाटींचा आकडा शेजारी ठेवा. सैन्यावरच्या टीकेला तिथे तुरुंगवास आहे, हे वाक्य दर वेळी आले तरी चालेल, कारण दर वेळी नवा वाचक असतो. मथळ्यात ‘रशियन जनता’ लिहिण्याऐवजी ‘पाहणीत उत्तर देणारे’ लिहिले तर जागा थोडी जास्त लागेल, ती द्या.

लेवादाच्या पाहण्या दर महिन्याला प्रश्नांसकट त्यांच्या संकेतस्थळावर येतात, रशियनमध्ये लगेच आणि इंग्रजीत थोड्या उशिराने. आपल्यापैकी ज्या कार्यालयात रशियन वाचणारे कोणी नसेल, त्यांना प्रश्नांचा आणि तक्त्यांचा मराठी अनुवाद त्याच दिवशी करून द्यायला मी आणि माझे काही माजी विद्यार्थी तयार आहोत. त्यासाठी आम्हाला मानधन नको. तक्ता पूर्ण छापला जावा, एवढीच अट आहे.

आपली,
पुण्यातील एक वाचक आणि रशियन भाषेची शिक्षिका